एनके१.१ ची कुपी मेली, की माझाच हात चुकतोय?

प्लीहा_घासणारी:
तीन आठवडे डोकं फिरलंय. उंदराच्या प्लीहेतल्या एनके (नॅचरल किलर) पेशी मोजायच्यात. त्यांच्यावरच्या एनके१.१ रिसेप्टरला चिकटणारी अँटिबॉडी आणली, क्लोन (एकाच पेशीवंशातून मिळालेला अँटिबॉडीचा प्रकार) पीके१३६, पीई हा चमकणारा रंग लावलेली. सोबत टी पेशींची खूण असलेल्या सीडी३ ची, एफआयटीसी या दुसऱ्या रंगात. लाल पेशी फोडून एका नळीत १० लाख पेशी, आधी २.४जी२ ने एफसी ब्लॉक (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून), मग बर्फावर अर्धा तास. फ्लो सायटोमीटरवर (पेशींची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) सीडी३ सुरेख उठतं आणि पीईच्या बाजूला नुसता शुकशुकाट. मात्रा चौपट केली तर फक्त पार्श्वभूमी वाढली.
कुपी मे महिन्यात आली तेव्हा आइसपॅकचं कोमट पाणी झालं होतं. विक्रेत्याशी कडाकडा भांडले, तो म्हणतो नवीन घ्या. सर म्हणतात, हात बसलेला नाही. आता कुणाचं खरं मानू?

थर्माकोल:
चुकून फ्रीझरमध्ये तर ठेवली नव्हती ना? पीई गोठवलं की कामातून गेलं. कोमट पाण्याने मात्र सहसा इतका सत्यानाश होत नाही. उंदराची आयजीजी (अँटिबॉडीचा एक वर्ग) पकडणारे मणी असतील तर त्यांच्यावर लावून बघा.

जुना_फ्लोवाला:
उंदीर काळा की पांढरा?

प्लीहा_घासणारी:
फ्रीझरमध्ये नाही, चार अंशांवरच होती. मण्यांवर झकास चमकते, म्हणून तर जास्तच गोंधळ. उंदीर पांढरा, बाल्ब/सी जातीचा. त्याने काय फरक पडतो?

जुना_फ्लोवाला:
सगळा फरक तिथेच आहे, ताई. पीके१३६ काळ्या सी५७बीएल/६ जातीत चालते, बाल्ब/सी मध्ये नाही. रिसेप्टरचं जनुक त्यांच्यातही आहे, पण घडण जराशी वेगळी, आणि नेमकी तीच पीके१३६ ला ओळखता येत नाही.
खरं तर हे अँटिबॉडीच्या जन्मातच लिहिलेलं आहे. बहुतेक क्लोन रॅट किंवा हॅमस्टरचे. पीके१३६ मात्र माऊसचीच, म्हणजे आपल्या या उंदराचीच, आयजीजी२ए प्रकारची. सी३एच आणि बाल्ब/सी यांच्या संकरातल्या माऊसला सीई जातीच्या पेशी टोचून ती मिळवली. त्या संकराच्या अंगात तेच एनके१.१ असतं तर त्याने ते परकं मानलंच नसतं!
तुम्ही एनकेपी४६ या एनके पेशींवरच्या दुसऱ्या रिसेप्टरची अँटिबॉडी घ्या, क्लोन २९ए१.४. जात कुठलीही असो, चालते. डीएक्स५ ही अँटिबॉडी सुद्धा चालेल, पण ती काही टी पेशींवरही बसते. सीडी३ असलेल्या पेशी वगळूनच गेट (मोजायच्या पेशींची चौकट) लावा.

थर्माकोल:
मीही कुपीच्याच मागे लागलो होतो की! पुढे एनके काढून टाकायचा प्रयोग असेल तर तोही बाल्ब/सी मध्ये पीके१३६ ने होणार नाही. तिथे लोक एनके पेशींवरच्या असियालो-जीएम१ या रेणूविरुद्धचा सशाचा सीरम वापरतात. तो इतर पेशींनाही हात लावतो, तेव्हा कंट्रोल गट चोख ठेवा.

प्लीहा_घासणारी:
शेजारच्या लॅबमधून काळ्या उंदराची अर्धी प्लीहा मागून आणली. तीच कुपी, तीच मात्रा. सीडी३ नसलेल्या पेशींत स्पष्ट वेगळा गठ्ठा, एकूण ३ टक्क्यांच्या आसपास. सरांना स्क्रीनच दाखवली; ते "हं" म्हणाले आणि एनकेपी४६ च्या ऑर्डरवर सही केली.
माहितीपत्रकात जातींची नावं दुसऱ्याच ओळीत होती. विक्रेत्याला फोन करायचाय, पण ते उद्यावर ढकललंय.