‘रिकामी जागा’ की ‘राखलेली जागा’? मांडणीच्या परिभाषेतील चार शब्द

विचारणा

ठाण्याच्या नौपाडा भागातील आमच्या वाचक मंडळाचे फलक, निमंत्रणपत्रिका आणि भ्रमणध्वनीवर पाठवायची चित्रे सात-आठ स्वयंसेवक तयार करतात. त्यांच्यापैकी कोणीही कलाशाळेत शिकलेले नाही. त्यांच्यासाठी मांडणीच्या मूलतत्त्वांची एक लहानशी टिपणवही मी मराठीत लिहीत आहे. तोल, लय, प्रमाणबद्धता, पोत, रंगसंगती हे शब्द शाळेतील चित्रकलेच्या तासाने रुळवून दिलेले आहेत, आणि शासकीय रेखाकला परीक्षांना बसलेल्यांना ‘संकल्पचित्र’ हा शब्दही ठाऊक असतो. अडचण अलाइनमेंट (ओळींच्या कडा जुळवणे), कॉन्ट्रास्ट (चटकन दिसणारा फरक), हायरार्की (आधी काय आणि नंतर काय याचा क्रम) आणि व्हाइट स्पेस (मुद्दाम न भरलेली जागा) या चार शब्दांची आहे. त्यांच्यासाठी सध्या मी अनुक्रमे ‘संरेखन’, ‘विरोधाभास’, ‘उतरंड’ आणि ‘रिकामी जागा’ असे लिहिले आहे. यांतील शेवटच्या शब्दाने घोटाळा झाला. एका व्याख्यानाच्या फलकाचा मसुदा दाखवताना ‘उजवीकडची रिकामी जागा तशीच राहील’ असे मी सांगितले, तेव्हा खर्चाचा भार उचलणाऱ्या गृहस्थांनी ‘रिकामीच आहे तर आमचे छायाचित्र तेथे घ्या’ असा आग्रह धरला आणि तो मोडणे मला जमले नाही. चारही शब्दांविषयी मत हवे आहे.

पहिला प्रतिसाद

‘विरोधाभास’ कृपया तत्काळ काढावा. विरोधाभास म्हणजे वरवर दिसणारा, परंतु वस्तुतः नसलेला विरोध. आपल्याला तर याच्या नेमके उलट, म्हणजे खरोखर असलेला आणि चटकन दिसणारा फरक हवा आहे. त्याऐवजी ‘उठाव’ हा शब्द चित्रकलेत पूर्वापार आहे. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढलेले वारली चौक झोपडीतील अंधुक उजेडातही वाचता येतात, ते या उठावामुळेच. सूक्ष्मपणे पाहिल्यास उठाव हा परिणाम आहे आणि भेद हे त्याचे कारण आहे. म्हणून ‘छटांत पुरेसा भेद ठेवला की अक्षरांना उठाव येतो’ असे वाक्य लिहिता येईल. हा भेद मोजताही येतो. संकेतस्थळांच्या सुलभतेसाठी जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३ : १ मागितले आहे. पांढऱ्यावर काळ्याचे गुणोत्तर २१ : १ येते, तर पांढऱ्यावर पिवळ्याचे जेमतेम १.०७ : १. हळदीकुंकवाच्या पत्रिका पिवळ्या अक्षरांत छापण्याचा हट्ट धरणाऱ्यांना हा आकडा दाखवावा.

दुसरा प्रतिसाद

‘संरेखन’ चुकीचा नाही, पण तो रस्ते आणि लोहमार्ग यांच्या शासकीय कागदपत्रांतला शब्द आहे. तो वाचून स्वयंसेवकाचा हात हलणार नाही. गवंडी आणि सुतार यांच्याकडे याच कामासाठी शब्द आहेत. उभी भिंत सरळ आहे की नाही हे ओळंबा सांगतो, आडवी पातळी पाणसळीने कळते आणि चौकटीची कड दोरीला लागून असली की ती ‘एका सुतात’ आली असे म्हणतात. ‘तारीख, वेळ आणि स्थळ या तिन्ही ओळींची डावी कड एका सुतात असावी’ हे वाक्य कोणालाही कळेल. (‘सूत जुळणे’ याचा दुसरा अर्थ तरुण स्वयंसेवकांना आठवेल, आठवू द्यावा.)

येथे एक मुद्दा जोडणे आवश्यक वाटते, कारण मांडणीची बहुतेक पुस्तके रोमन लिपी समोर ठेवून लिहिलेली असतात. रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी असतात, तर देवनागरी अक्षरे शिरोरेषेला टांगलेली असतात. वाचकाच्या डोळ्यांना दिसणारे सूत म्हणजे ती शिरोरेषाच, आणि म्हणून बोधचिन्हाशेजारी मंडळाचे नाव लिहायचे असेल, तर चिन्हाची एखादी ठळक आडवी रेषा शिरोरेषेच्या सुतात आणावी, मग खालची बाजू थोडी पुढेमागे झाली तरी खटकत नाही. ओळींमधील अंतराचेही तसेच आहे. ‘र्की’सारख्या अक्षरात वेलांटी आणि रफार शिरोरेषेच्या वर जातात, ‘ट्टू’सारख्या जोडाक्षराला ऊकार लागला की ते खाली लोंबते, आणि इंग्रजी मजकुराला पुरणारे अंतर तसेच ठेवल्यास वरच्या ओळीचे ऊकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. संगणकाने आपोआप दिलेले अंतर मराठीसाठी वाढवावे, ही सूचना आपल्या टिपणवहीत ठळक छापावी, असे मी सुचवीन.

तिसरा प्रतिसाद

‘उतरंड’ या शब्दाविषयी माझे दोन आक्षेप आहेत. मडक्यांच्या उतरंडीत सर्वांत मोठे मडके तळाशी असते, तर फलकावरचे सर्वांत मोठे अक्षर बहुधा वर असते, त्यामुळे प्रतिमा उलटी होते. शिवाय ‘जातींची उतरंड’ या प्रयोगामुळे तो शब्द आता श्रेष्ठ-कनिष्ठतेशी कायमचा बांधला गेला आहे. मांडणीत कोण श्रेष्ठ हा प्रश्नच नसतो. आधी काय वाचले जावे आणि नंतर काय, एवढेच ठरवायचे असते. म्हणून मी ‘वाचनक्रम’ सुचवतो.

हा भेद आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे, कारण आपल्या फलकांवर मानक्रम वाचनक्रमाला ढकलून देतो. अध्यक्षांचे नाव मोठे, उद्घाटकांचे त्याहून मोठे, आश्वासक चेहऱ्यांची रांग सर्वांत मोठी, आणि कार्यक्रम किती वाजता आहे ते तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत. तलावपाळीच्या वळणावर रिक्षातून जाणाऱ्या माणसाला तो फलक चार-पाच सेकंद दिसतो. तेवढ्यात त्याला विषय, वार आणि वेळ कळली नाही, तर फलक केवळ मानकऱ्यांसाठी छापला असे म्हणावे लागेल. लग्नपत्रिकेत हाच प्रकार मुहूर्ताचा होतो, पण तेथे नातेवाईक दूरध्वनी करून विचारतात. व्याख्यानासाठी कोणी विचारत नाही.

चौथा प्रतिसाद

आता आपल्या घोटाळ्याविषयी. ‘रिकामी जागा’ ऐकताच भरावीशी वाटते, यात त्या गृहस्थांचा दोष नाही. आपल्या सर्वांनाच प्रश्नपत्रिकेने ‘रिकाम्या जागा भरा’ अशी आज्ञा देऊन वाढवले आहे. ‘कोरी जागा’ म्हटले की काही छापायचे राहून गेले असे वाटते. ‘अवकाश’ चित्रकलेत रूढ आहे, परंतु सामान्य वाचक त्यातून थेट अंतराळात जातो. ‘समास’ हा उत्तम शब्द आहे, मात्र तो कडेच्या पट्टीपुरता. ‘मोकळी जागा’ मला एके काळी आवडत असे, पण ठाण्यात मोकळ्या जागेचे पुढे काय होते हे आपण जाणतोच.

मी ‘राखलेली जागा’ असे म्हणेन. राखणे या क्रियापदात हेतू आहे. लोकलच्या बाकावर रुमाल टाकून राखलेली जागा दिसायला रिकामीच असते, तरी तिच्यावर बसण्यापूर्वी माणूस विचारतो. ‘राखीव’ मात्र नको, त्याचा अर्थ दुसरीकडे जातो.

ही जागा केवळ शोभेसाठी नसते, हेही टिपणवहीत यावे. जवळ असलेल्या गोष्टी डोळा एका गटात घेतो, हे समष्टिवादी (गेस्टाल्ट) मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९२३ मध्ये ठिपक्यांच्या साध्या आकृत्यांनी दाखवले होते. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना ते वेगळे सांगावे लागत नाही. दोन ठिपक्यांमधील अंतर चुकले की कमळाची पाकळी शेजारच्या फुलाला जाऊन मिळते. फलकावर तारीख, वेळ आणि स्थळ या ओळी एकमेकींजवळ ठेवून त्या गटाभोवती जागा राखली, तर चौकट आखण्याची गरज उरत नाही. पुष्कळदा चौकटी येतात त्या जागा राखण्याचे धैर्य नसल्यामुळे, असे माझे मत आहे.

विचारणाऱ्याकडून

सर्वांचे आभार. ‘उठाव’, ‘वाचनक्रम’ आणि ‘राखलेली जागा’ हे तीन शब्द मी स्वीकारले आहेत. ‘एका सुतात’ हा शब्दप्रयोग वाक्यात सहज बसतो, पण प्रकरणाच्या मथळ्यासाठी नाम हवे म्हणून तेथे ‘संरेखन’ ठेवून पहिल्याच वाक्यात सुताची दोरी आणली आहे. ‘समास’ कडेच्या पट्टीसाठी तसाच राहील. शिरोरेषेचे स्वतंत्र पान केले आहे. पुढच्या फलकाच्या मसुद्यावर उजव्या बाजूला पेन्सिलीने ‘ही जागा तारखेसाठी राखली आहे’ असे लिहूनच तो त्या गृहस्थांकडे पाठवीत आहे.