'मगल' डिक्शनरीत सापडत नाही तेव्हा (अनुभव धागा)

2003 चा उन्हाळा. दहावीचे पेपर संपलेले, निकालाला अवकाश, आणि इचलकरंजीत दुपारभर यंत्रमागांचा खडखडाट. आमच्या मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. (पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, ते धाकट्या भावंडांच्या वाट्याला.) मामेभाऊ पुण्याहून आला होता. जाताना हॅरी पॉटरचा पहिला भाग आमच्याकडे विसरून गेला.

मी वीरकरांची डिक्शनरी मांडीवर घेऊन बसले. अडलेला प्रत्येक शब्द वहीत, समोर अर्थ, मग पुढचं वाक्य. पहिल्या प्रकरणातच 'मगल' आला. डिक्शनरीत नाही. शेजारी राहणाऱ्या बाईंना विचारलं, त्यांनाही ठाऊक नाही. दोन दिवस पुस्तक मिटून ठेवलं, कारण शब्द न कळता पुढे जाणं मला कॉपी करण्याइतकंच वाईट वाटायचं. तिसऱ्या दिवशी कंटाळून पुढे वाचत सुटले. बऱ्याच पानांनंतर हॅग्रिड नावाचा धिप्पाड माणूस तो शब्द वापरतो आणि हॅरीच विचारतो, म्हणजे काय? (मगल म्हणजे जादू न येणारा साधा माणूस.) म्हणजे मगल हा शब्द हॅरीलाही माहीत नव्हता! इंग्लंडात वाढलेला पोरगा, आणि या बाबतीत तो आणि मी एकाच बाकावर.

त्या दिवसापासून मी डिक्शनरी दर शब्दाला उघडणं सोडलं. अंदाज करायचा, चुकला तर पुढच्या पानावर दुरुस्त करायचा. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीने 'मगल' त्याच वर्षी आत घेतला, हे फार नंतर कळलं. मी शोधत होते तेव्हा तो बहुतेक दारात चपला काढत होता.

तर हा धागा. चमत्कारिक, जादूच्या, अद्भुत गोष्टी इंग्रजीत वाचता वाचता तुमच्या रोजच्या जगण्यात काय शिरलं? मार्क नकोत, घरात, कामावर, फोनवर काय घडलं ते सांगा. तक्रारीही चालतील.

नाशिक

हॅरीची मैत्रीण आमच्या वर्गात 'हर्मिओन' होती. कोणाच्या घरी 'हरमोईन'. एका मैत्रिणीने तर 'हेरंबिनी' म्हणून तिला पार गणपतीच्या घरातली करून टाकली होती. चौथ्या भागात ती क्रम नावाच्या परदेशी पाहुण्या खेळाडूला स्वतःचं नाव तोडून तोडून शिकवते, हर-माय-ओ-नी, तेव्हा आम्हाला कळलं. त्या खेळाडूला तरीही जमत नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! इंग्रजी पुस्तकात इंग्रजी नाव चुकीचं उच्चारणारा माणूस आहे आणि लेखिकेने त्याला मूर्ख ठरवलेलं नाही. तो जगातला नावाजलेला खेळाडूच राहतो.

आता मी कॉल सेंटरमध्ये नव्या मुलांना शिकवते. उच्चार चुकला की मान खाली घालणारा एक तरी असतोच. त्याला मी क्रमची गोष्ट सांगते.

चिपळूण

धागाकर्तीताई, माझं वय 71, बँकेतून निवृत्त. आमचं इंग्रजी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेलं, त्यावर पस्तीस वर्षं 'विथ रेफरन्स टू युवर लेटर'ची पुटं चढलेली. त्या इंग्रजीत तक्रार करता येते, आठवण करून देता येते. नातवाशी बोलता येत नाही. नातू न्यू जर्सीत. दर रविवारी फोनवर 'हाऊ आर यू', 'फाइन', 'हाऊ इज स्कूल', 'गुड', आणि मग तो फोन आईच्या हातात देऊन पसार.

त्याच्या आईने सांगितलं, तो सध्या 'द हॉबिट' वाचतोय. मीही मागवलं. 1937 सालचं पुस्तक, लेखक ऑक्सफर्डात जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक. सुरुवातीला बुटक्यांची नावं पाठ करता करता दमलो. पण पाचव्या प्रकरणात अंधाऱ्या गुहेत गोष्टीचा नायक बिल्बो आणि गॉलम नावाचा विचित्र प्राणी एकमेकांना कोडी घालू लागले आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. अहो, हा तर आपला वेताळ! चांदोबातला विक्रम उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शंभर शकलं. इथे बिल्बो हरला तर थेट गॉलमच्या पोटात. दातांवरचं कोडं, अंड्यावरचं, वाऱ्यावरचं. अंड्याचं मी पुढे न वाचता सोडवलं, हे नम्रपणे नमूद करतो.

पुढच्या रविवारी मी नातवाला म्हटलं, आता माझं कोडं. हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्यांनी भरली. इंग्रजीत सांगताना माझी त्रेधा उडाली. पेटीला बॉक्स म्हणावं की चेस्ट, यावरच दोन मिनिटं गेली. त्याला आलं नाही. मी विजयी मुद्रेने सांगितलं, 'लेडीज फिंगर!' पलीकडे पाच मिनिटं नुसतं हसणं. तिकडे भेंडीला ओक्रा म्हणतात, आणि त्याच्या डोळ्यांसमोर पेटीत ठेवलेली बाईची बोटं आली होती.

आता फोन चाळीस मिनिटं चालतो. तो एक कोडं घालतो, मी एक. माझा साठा संपत आला आहे, तेव्हा कुणाकडे जुनी कोडी असतील तर कृपया इथे द्यावीत.

नाव नको, ठाणे

तक्रारी चालतील म्हणालात म्हणून लिहितो. हॅरी पॉटरचे सातही भाग दोनदा वाचले. कॉलड्रन, गॉब्लेट, ब्रूमस्टिक, पार्चमेंट, सगळे शब्द तोंडपाठ. पहिल्या नोकरीत रजेचा अर्ज लिहायची वेळ आली तेव्हा एक सरळ वाक्य सुचेना. जादूगारांच्या कढईला काय म्हणतात ते माहीत, पण आपल्या पळीला, झाऱ्याला, चिमट्याला काय म्हणतात ते सासऱ्यांच्या परदेशी पाहुण्यांसमोर आठवेना. गोष्टींनी इंग्रजी येतं हे अर्धसत्य आहे. वाचायला येतं, लिहायला लिहावंच लागतं.

शिवाय आमच्या सोसायटीतली मुलं ड्रॅगनच्या जाती सांगतात, पण हातिमताई कोण ते त्यांना माहीत नसतं. यावर कोणी बोलणार आहे का?

धागाकर्ती

ठाणेकर, रजेच्या अर्जाचं पटलं. हातिमताईचं निम्मंच पटलं. मुलांना कळवळून सांगणारं कोणी असेल तर ती हातिमताईही ऐकतात. चिपळूणच्या आजोबांची भेंडी बघा, कुठे पोचली ती.

धुळे जिल्हा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. मुलं घरी अहिराणी बोलतात, शाळेत मराठी, आणि इंग्रजी म्हणजे त्यांच्यासाठी तिसरा डोंगर. आज्ञार्थी वाक्यं शिकवायची होती. 'ओपन द डोअर', 'क्लोज द विंडो' असं कितीदा म्हणणार? वर्गाला दार एक आणि खिडक्या मोडक्या.

मग मी अलीबाबाची गोष्ट सांगितली. 'खुल जा सिमसिम' त्यांना येत होतंच. इंग्रजीत 'ओपन सेसमी', म्हणजे 'तीळ, उघड', म्हटल्यावर वर्ग खूश: तिळाचं इथे काय काम? मग काठ्या गोळा करून आणल्या, प्रत्येकाने आपला मंत्र करायचा, नियम एकच, सुरुवात इंग्रजी क्रियापदाने. 'फाइंड माय चप्पल.' 'स्टॉप रेन.' दुसऱ्याने लगेच 'कम रेन', कारण त्याच्या घरी कपाशी. 'ग्रो बाजरी.' 'स्लीप, सर', हा मंत्र मुख्याध्यापकांवर होता आणि तो दुपारी फळला असं मुलांचं म्हणणं आहे.

पुढच्या धड्यात मी शिकवलं की इंग्रजीत आज्ञेआधी 'प्लीज' लावावं. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, प्लीज लावलं तर मंत्र चालंल का? मंत्र तर हुकूम असतो ना." मी एम.ए. इंग्रजी आहे. विनंती आणि आज्ञा यातला फरक इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितला नव्हता.

ब्रिस्टॉल, मूळची सांगलीची

मी नर्स. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा चांगल्या बँडने पास होऊन आले, आणि पहिल्या आठवड्यात वॉर्डातले एक आजोबा काय बोलतायत ते मला ओ की ठो कळेना. कॅसेटवरचं इंग्रजी वेगळं, हे वेगळं. 'यू'चं नुसतंच 'ये', 'टू'चं 'टर', शब्दांची शेपटं गायब. मला रडू यायच्या बेतात होतं. मग एकदम ओळखीचं वाटलं, हे तर हॅग्रिडचं बोलणं! पुस्तकात त्याचे संवाद तसेच मोडून लिहिलेले आहेत. कॉलेजात ती वाक्यं मला छापायच्या चुका वाटायच्या. लेखिका इथून जवळच, डीनच्या जंगलाकडच्या भागात वाढलेली, तिच्या कानात तीच बोली.

मग मी आजोबांचं बोलणं मनात हॅग्रिडच्या दाढीतून ऐकू लागले आणि हळूहळू सुधरलं. एक दिवस धीर करून त्यांना सांगितलंही. त्यांनी पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण "तो धिप्पाड माणूस ना, मोटारसायकलवाला?" एवढं माहीत होतं. पुढे ते मला रोज एक गावठी शब्द शिकवायचे, मी त्यांना 'लई भारी' शिकवलं. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांना ते 'लाय बारी' म्हणाले.

लंडनला गेले तेव्हा किंग्ज क्रॉस स्टेशनवर पुस्तकातल्यासारखी भिंतीत अर्धी घुसवलेली ट्रॉली बघितली. फोटोसाठी ही रांग. आपल्याकडे स्टेशनवर एवढी रांग फक्त तिकिटाला.

डोंबिवली

छोटासा अनुभव. हॅरी पॉटरच्या पहिल्या भागात जो आरसा आहे, इच्छा दाखवणारा, त्याचं नाव 'डिझायर' हा शब्द उलटा लिहून केलेलं आहे. ते माझ्या लेकीने दहाव्या वर्षी ओळखलं, मला चाळिशीत तिने सांगितल्यावर कळलं. कसं ओळखलंस विचारलं तर म्हणे, आजीने 'च'ची भाषा शिकवलीय ना. 'मला'चं 'चलाम' करणाऱ्या पोरांना इंग्रजीची असली कुलपं काय जड! आमच्याकडे आता जेवताना डब्यांवरची नावं उलटी वाचतात. साखर म्हणजे रखसा. राक्षसाचा लांबचा नातलग वाटतो.

पुणे

दोनदा लिहून पुसलं.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी मला काहीतरी होऊ लागलं. झोप नाही, भूक नाही, आंघोळीला उठायचं म्हणजे डोंगर. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. आई सोलापूरजवळच्या गावात. तिला फोनवर डिप्रेशन म्हटलं तर ती म्हणाली, "म्हणजे टेन्शन ना? परीक्षेचं?" नैराश्य म्हटलं तर तो शब्द रेडिओवरच्या भाषणातला वाटला. उदास आहे म्हटलं तर "देवळात जाऊन ये". चूक तिची नव्हती. माझ्याकडे तिला कळेल असा शब्दच नव्हता, ना मराठीत ना इंग्रजीत.

सुट्टीला घरी गेले तेव्हा एका रात्री तिला डिमेंटरची गोष्ट सांगितली. तिसऱ्या भागातली. काळे झगे घातलेले असतात, ते आले की सगळं गार पडतं, माणसाला आयुष्यातलं वाईट तेवढंच आठवतं, चांगलं सगळं शोषून घेतात. लेखिकेने हे स्वतःच्या डिप्रेशनवरूनच लिहिलंय, असं तिने सांगितलेलं आहे. आई शेंगा फोडत होती. हात थांबले. म्हणाली, "असं होतं व्हय तुला?" आणि मग, "त्यावर उतारा काय सांगितलाय?" मी म्हटलं, मंत्र आहे, पण तो अवघड. ते येऊन गेल्यावर चॉकलेट देतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशाशी शेंगदाण्याची चिक्की होती.

औषधं घेतली, समुपदेशन घेतलं, त्यांनीच बरी झाले, हे स्पष्ट लिहिते. पण त्या दीड वर्षात आईचा रोज फोन यायचा आणि पहिला प्रश्न असायचा, "आज आलते का ते झगेवाले?" हो किंवा नाही, एवढंच सांगावं लागायचं. कधीकधी एवढंच सांगता येत होतं.

धागाकर्ती

चिक्कीपाशी आले आणि बराच वेळ पुढचं काही वाचलं नाही. पुणेकर, आई कशा आहेत?

चिपळूण

मुली, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

पुणे

आजोबा, सांगितला. आई मजेत आहे. तिला मी पहिल्या भागाचं मराठी भाषांतर नेऊन दिलंय, 'हॅरी पॉटर आणि परीस'. चष्मा लावून दुपारी चार-चार पानं वाचते. जादूचं तिला फारसं कौतुक नाही. परीस तिला माहीतच होता. ती अडकलीय त्या जिन्याखालच्या कोनाड्यापाशी. काल फोनवर तावातावाने म्हणाली, "माय मरो पण मावशी उरो म्हणतात, आणि ही कसली गं मावशी? पोराला जिन्याखाली झोपवती!" मग जरा थांबून, "पुढं नीट जेवाय-खायला मिळतं ना त्याला?" मी म्हटलं, शाळेत गेल्यावर मिळतं, भरपूर. "मग वाचते," म्हणाली.