‘कोर्ट’ पाहून झाला. पुढचा चित्रपट कोणता निवडावा?

प्रश्न – खानापूर

नमस्कार. आम्ही दहा-बारा जण दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकत्र बसून वेगळ्या वाटेचा एखादा चित्रपट पाहतो. गेल्या खेपेस चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ पाहिला. २०१४ साली व्हेनिसमध्ये गौरवला गेलेला हा चित्रपट आमच्यातील निम्म्या जणांना पेलला नाही. उन्हाळी सुटीसाठी न्यायालय रिकामे होते, दिवे मालवतात, पडदा काळा होतो, तेव्हा मंडळी उठू लागली होती. त्यानंतर न्यायाधीशांची सहल सुरू झाली आणि ‘आता हे कशासाठी?’ असे विचारले गेले. मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे काय दाखवावे, तेही सुचवावे.

उत्तर – बेळगाव

ताई, माझ्या मते ती सहल हाच निकाल आहे. बिनबाह्यांचा पोशाख घालून आलेल्या बाईचे प्रकरण ऐकण्यास नकार देणारे हे न्यायाधीश सहलीत एका मुलाच्या अडचणीवर अंकशास्त्राचा उपाय सुचवतात आणि झोपमोड केली म्हणून एका मुलाला चापट मारतात. ज्या शाहिरावर सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप आहे, त्याचे भवितव्य अशा सामान्य, रागीट, समजुतींनी भरलेल्या माणसाच्या हाती आहे, हे कोणीही बोलून दाखवत नाही. कॅमेरा दुरून, स्थिर राहून केवळ दाखवतो.

मला मात्र त्याहून अधिक टोचले ते सरकारी वकीलबाईंच्या कुटुंबाचे नाटक पाहणे. रंगमंचावर परप्रांतीयाची टर उडवली जाते आणि प्रेक्षागृह खळखळून हसते. मुंबईत बहुसंख्याकांत बसून ते नाटक पाहणे वेगळे आणि आपल्यासारख्यांनी, ज्यांना आपल्याच गावी भाषेच्या बाबतीत अल्पसंख्य म्हणून वावरावे लागते, ते पाहणे वेगळे. पहिल्यांदा पाहताना मीही हसलो होतो, आणि त्या हसण्याची लाज मला पुष्कळ दिवस वाटत राहिली. आपल्या मंडळींना त्या प्रसंगाविषयी अवश्य विचारा.

उत्तर – निपाणी

पुढच्या वेळी राम रेड्डी यांचा कन्नड ‘तिथी’ घ्यावा. २०१५ साली लोकार्नो महोत्सवात नवोदितांच्या विभागात त्याला सुवर्ण बिबट्या मिळाला. मंड्या जिल्ह्यातील गावकऱ्यांनीच त्यात कामे केली आहेत. शंभरी ओलांडलेले सेंच्युरी गौडा अगदी सुरुवातीलाच वारतात आणि अकराव्या दिवसाच्या विधीपर्यंत नातू तम्मण्णाची जमीन विकण्याची धडपड चालते. जमीन ज्यांच्या नावावर यायची ते त्याचे वडील गड्डप्पा मात्र निर्धास्तपणे भटकत असतात, म्हणून तो जिवंत वडिलांच्या मृत्यूचा खोटा दाखला मिळवतो. उताऱ्यावर नाव चढवण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या आपल्या भागातील माणसाला यात काहीच समजावून सांगावे लागणार नाही. एक सूचना: मंड्याची कन्नड आपल्या चिकोडी-हुक्केरीकडील बोलीपेक्षा बरीच वेगळी आहे, त्यामुळे कन्नड येणाऱ्यांनीही उपशीर्षके सुरू ठेवावीत.

उत्तर – चिकोडी

दोन्ही चित्रपट मला आवडतात, तथापि मंडळी नुकतीच दमली असताना ‘तिथी’ने सुरुवात करू नये. अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ आधी दाखवा. वडील वारल्यानंतर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेल्या मुलाची ती गोष्ट आहे. पाऊस, समुद्र आणि अबोल आई यांतूनच ती उलगडते. बदलीच्या नोकरीवर वाढलेल्या घरांत ती लगेच समजेल.

प्रश्नकर्ती – खानापूर

सर्वांची मी आभारी आहे. या रविवारी ‘कोर्ट’मधील नाटकाचा प्रसंग आणि शेवटची सहल एवढेच पुन्हा लावू आणि बोलू. आमच्यापैकी तिघांचे माहेर कोकणातले असल्याने त्यानंतर ‘किल्ला’ घेऊ. ‘तिथी’साठी मात्र भाताच्या मळण्या उरकेपर्यंत थांबणार आहोत, कारण ज्यांनी तो आवर्जून पाहावा असे मला वाटते, ती शेतकरी मंडळी तेव्हाच मोकळी होतील.