अनुभव धागा: मनात राहिलेला एक स्वीडिश अल्बम

अट एकच आहे: स्वीडिश संगीतावर लेख नको, एकाच अल्बमविषयी लिहावे आणि तो कोठे ऐकला तेही सांगावे. ॲबा या जगप्रसिद्ध स्वीडिश पॉपगटाला वगळले आहे, कारण त्यांच्याविषयी बोलायला कोणालाही आमंत्रण लागत नाही. जेमतेम एक कोटी वस्तीच्या या देशात नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत, सरावाच्या खोल्यांना हातभार लावणारी अभ्यासमंडळे आहेत. तेव्हा हळुवार गाणी आणि काळीकुट्ट गाणी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना तयार होतात, असा माझा समज आहे. तो खोटा ठरला तरी चालेल.

गोथेनबर्ग, विद्यार्थी असताना

कोर्तेदाला हे १९५०च्या दशकात उभे राहिलेले उपनगर, आणि मला तेथे खोली मिळाली ती केवळ भाडे परवडले म्हणून. पत्ता सांगितला की वर्गातील मुले सहानुभूतीने पाहत. मग कोणीतरी येन्स लेकमनचा ‘नाइट फॉल्स ओव्हर कोर्तेदाला’ (२००७) ऐकायला दिला. त्यात जुन्या तबकड्यांतून उचललेले वाद्यवृंदाचे तुकडे आहेत आणि त्यांवर एक माणूस अगदी साध्या आवाजात घरगुती गोष्टी सांगतो. एका गाण्यात तो ॲव्होकाडो कापत असताना प्रेयसी मागून येऊन मिठी मारते आणि दचकून त्याच्या बोटाचे टोक कापले जाते. दुसऱ्यात बर्लिनच्या मैत्रिणीचे एका मुलीवर प्रेम असते आणि ते वडिलांना कळू नये म्हणून हा तिचा प्रियकर बनून त्यांच्या घरी जेवायला जातो. अंधार दुपारी साडेतीनलाच पडत असे. त्या हिवाळ्यात मी ट्राममधून दोन थांबे आधीच उतरून चालत घरी जाऊ लागलो, कारण गाणे अर्धे राहिलेले असे.

माल्मो

माझा अल्बम होसे गोन्सालेसचा ‘व्हीनियर’ (२००३). एक गिटार, एक आवाज, बस्स. सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारावरून अडीच लाख रंगीत चेंडू सोडलेल्या टीव्हीच्या जाहिरातीतले ‘हार्टबीट्स’ ते हेच. मूळ गाणे द नाइफ या बहीणभावांच्या जोडीचे आहे हे मला फार उशिरा कळले आणि मी त्यांचा ‘सायलेंट शाउट’ (२००६) लावला. आवाज यंत्रातून खाली ओढून असा काही विकृत केला आहे की मूळ ‘हार्टबीट्स’ गाणारी तीच बाई ही आहे यावर विश्वास बसेना. धागाकर्त्यांची भिंत फारच पातळ असावी.

सांगली, नाट्यसंगीताच्या साथीला ऑर्गन वाजवणारा

आमचा ऑर्गन पायाने भाता हलवून वाजतो, त्यामुळे वाऱ्याचा सुस्कारा हा मला दोष वाटत नाही, ती वाद्याची खूणच आहे. आना फॉन हाउसवोल्फचा ‘ऑल थॉट्स फ्लाय’ (२०२०) भाच्याने ऐकवला, तेव्हा प्रथम कानावर आला तो हाच सुस्कारा. सगळा अल्बम केवळ एका पाइप ऑर्गनवर वाजवलेला आहे, गाणे नाही. हे वाद्य गोथेनबर्गमधील ऑर्ग्रूतेच्या नव्या चर्चमध्ये आहे आणि सतराव्या शतकातील जर्मन कारागीर आर्प श्निटगर याच्या धर्तीवर ते बांधलेले आहे. पण मला थांबवले ते त्याच्या जुळवणीने. पेटीचा गंधार खऱ्या गंधारापेक्षा चढा असतो, हे तानपुऱ्याशेजारी बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. साथीदार म्हणून मी आयुष्यभर तो पट्टीवर झाकत आलो. या ऑर्गनची जुळवणी जुन्या पद्धतीची, जिच्यात पंचम किंचित उतरवून गंधार शुद्ध राखलेला असतो. खर्जाची तार नीट लागली की जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, जवळजवळ तोच! संगीत भीतिदायक आहे असे भाचा म्हणाला. मला ते सुरात वाटले, एवढेच. त्याला हे पटले नाही.

स्टॉकहोम

एंटूम्ड या डेथ मेटल गटाचा ‘लेफ्ट हँड पाथ’ (१९९०). सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबेर्गने ध्वनिमुद्रित केलेल्या या अल्बममधील गिटारचा करवतीसारखा आवाज बॉस एचएम-२ नावाच्या, गिटारचा आवाज बदलणाऱ्या छोट्या पेडलचा. त्याच्यावर चार बटणे आहेत, आणि ती चारही शेवटपर्यंत फिरवायची, एवढेच गुपित. मी जुने पेडल विकत घेऊन रात्री नऊला ते करून पाहिले. नऊ वाजून दहा मिनिटांनी वरच्या मजल्यावरील आजोबा दारात उभे होते. त्यांनी तक्रार केली नाही. अल्बमचे नाव विचारले, कागदावर लिहून घेतले आणि दिवसा वाजवावे अशी विनंती केली.

लिनशॉपिंग

रॉजर कार्मानिकने १९८७ मध्ये सुरू केलेली कोल्ड मीट इंडस्ट्री ही अल्बम काढणारी कंपनी याच गावची होती. तिचे कलाकार ज्या प्रकारासाठी ओळखले जातात त्या यंत्रांच्या गोंगाटासारख्या काळोख्या संगीताला ‘डेथ इंडस्ट्रियल’ म्हणतात, परंतु मी सुरुवात केली ती त्यामानाने शांत अशा, रेझाँ देत्र या नावाने निघालेल्या ‘इन सॅडनेस, सायलेन्स अँड सॉलिट्यूड’पासून (१९९७). लोखंडावर लोखंड घासल्याचे आवाज, लांबून घंटा, मठातल्यासारखे मंत्रपठण. इमारतीच्या तळघरातील सामाईक धुलाईघरात माझी पाळी रात्री आठची असे, म्हणून तेथेच बाकावर बसून तो ऐकत होतो. शेवटचा तुकडा मला सर्वांत गहिरा वाटला: एकच खोल घरघर, मध्येच धातूचा हलका ठोका. पुढच्या पाळीची बाई टोपली घेऊन आली, तिने कपडे वाळवण्याचे यंत्र बंद केले आणि संगीतही थांबले. अल्बम केव्हाच संपला होता. ठोका माझ्या जीन्सच्या बटणाचा होता.