मदत हवी आहे: निन्टेन्डो आणि सोनी फुटलेच नसते तर?

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, विश्रामबागेत राहतो. गल्लीतल्या पोरांच्या हस्तलिखित दिवाळी अंकासाठी कथा लिहितोय आणि मध्येच अडलोय.

सुपर निन्टेन्डो या निन्टेन्डोच्या कॅसेटवर चालणाऱ्या व्हिडिओ गेम यंत्राला सीडी जोडायचा करार १९८८ मध्ये सोनीशी झाला. पण सीडीवरच्या गेमचे हक्क सोनीकडे जाणार, हे निन्टेन्डोला खुपलं. जून १९९१ला शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने यंत्र जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेन्डोने फिलिप्सचा हात धरला. पुढे सोनीचे इंजिनिअर केन कुतारागी यांनी सोनीचं स्वतःचं गेम यंत्र, प्लेस्टेशन, उभं केलं, ते १९९४ला बाजारात आलं.

माझ्या कथेत ही युती टिकते. फायनल फँटसी ७ ही गेम मग निन्टेन्डोकडेच राहील, कारण ती प्लेस्टेशनकडे गेली ती सीडीवरच्या जास्त जागेपायी. तीन सीडी लागल्या तिला. पण सेगा या तिसऱ्या गेम कंपनीचं काय? दोघांपुढे ती लवकर गारद होईल, की पुढे गेम यंत्रांत उतरलेल्या मायक्रोसॉफ्टच्या जागी तीच टिकेल?

दुसरं, जास्त जिव्हाळ्याचं. आमच्याकडे निन्टेन्डोची नक्कल केलेल्या स्वस्त गेम यंत्रावरची पिवळी कॅसेट असायची. काढायची, फुंकर मारायची, खटकन बसवायची. तो प्रसंग मला कथेत हवाच आहे. सगळं आधीच सीडीवर गेलं असतं, तर या स्वस्त कॅसेटी सांगलीपर्यंत पोचल्या असत्या का? जाणकारांनी कृपया कारणासकट सांगा.