इंग्रजीच्या रिकाम्या जागा अचूक भरता येतात, पण स्वतः लिहिताना अडखळायला होते. सरावाची पद्धत बदलावी का?

स्वल्पविराम:

नमस्कार. कोणत्याही वर्गाला न जाता, स्वतःच्या अभ्यासाने मी इंग्रजी शिकते आहे. सरावपुस्तकातील ‘रिकाम्या जागा भरा’ आणि ‘योग्य पर्याय निवडा’ या प्रकारचे प्रश्न आता सहज सुटतात. पूर्ण वर्तमानकाळ कधी वापरावा असे कोणी विचारले, तर नियमही उदाहरणासह सांगता येतो. मात्र कोरा कागद समोर घेऊन स्वतःच्या मनातला परिच्छेद लिहायला बसले, की काळ, उपपदे (‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’) आणि प्रिपोझिशन (‘इन’, ‘ऑन’, ‘फॉर’ असे शब्द) या तिन्ही ठिकाणी लेखणी थांबते. शब्दांचेही तेच आहे. वहीत डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ अशी मोठी यादी तयार झाली आहे. वाचताना त्यातले बहुतेक शब्द ओळखीचे वाटतात, पण लिहिताना हाताशी येतात ते नेहमीचेच मोजके.

अशा वेळी आहे तोच सराव वाढवावा, की सरावाची पद्धतच बदलावी? बदलायची असेल तर व्याकरणासाठी आणि शब्दांसाठी नेमके काय करावे, हे अनुभवी सदस्यांनी सविस्तर सांगितल्यास मदत होईल.

शब्दवेल:

आपल्याला नियम समजले आहेत, त्यामुळे नियमांची आणखी उजळणी करून ही अडचण सुटणार नाही. रिकामी जागा भरताना वाक्याचा सांगाडा आयता मिळतो, क्रियापद कंसात दिलेले असते आणि पाठाच्या शीर्षकावरून कोणता काळ अपेक्षित आहे हेही आधीच कळलेले असते. मग आपल्याकडे उरते ते केवळ योग्य रूप बसवण्याचे काम. स्वतः लिहिताना मात्र इथे कोणता काळ हवा हा अवघड निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो, आणि तो घेण्याचा सराव अशा प्रश्नांमधून जवळजवळ होतच नाही.

एक वाक्य जवळून पाहू. ‘मी पाच वर्षांपासून इथे राहत आहे’ या मराठी वाक्यात चालू वर्तमानकाळ आहे आणि तो मराठीत अगदी योग्य आहे. हेच वाक्य मनात धरून इंग्रजी लिहिले, की ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे उतरते. इंग्रजीला हवे असते ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी निसटल्या आहेत. भूतकाळात सुरू होऊन आताही चालू असलेली क्रिया इंग्रजीत साध्या चालू वर्तमानकाळाने दाखवली जात नाही, ही पहिली. मराठीतला एकच ‘पासून’ इंग्रजीत दोघांमध्ये वाटला जातो, ही दुसरी: कालावधी सांगायचा असेल तर ‘फॉर’ आणि आरंभाचा क्षण सांगायचा असेल तर ‘सिन्स’. याच्या उलट, ‘मी तो लेख कालच वाचला आहे’ हे मराठीत सहज चालते, पण ‘यस्टरडे’ आले की इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळ चालत नाही. तिथे साधा भूतकाळच घ्यावा लागतो. रिकाम्या जागा भरताना आपण मराठीतून वाक्य उभे करत नसतो, म्हणून अशा चुका तिथे फारशा दिसतच नाहीत.

यासाठी दोन उपाय सुचवतो. पहिला अगदी सोपा आहे. एका पाठाचे सर्व प्रश्न सलग सोडवण्याऐवजी चार-पाच पाठांतले प्रश्न एकमेकांत मिसळून, शीर्षक झाकून सोडवा. सुरुवातीला उत्तरे अधिक चुकतील आणि आपण मागे जात आहोत असे वाटेल, पण प्रत्येक वाक्यापाशी काळ निवडावा लागेल आणि तोच खरा सराव आहे.

दुसरा उपाय मला अधिक मोलाचा वाटतो. बेंजामिन फ्रँकलिन यांनी तरुणपणी आपली लेखनशैली घडवण्यासाठी केलेला उपक्रम प्रसिद्ध आहे. आवडलेल्या निबंधातील प्रत्येक वाक्याचा आशय ते थोडक्यात टिपून ठेवत, काही दिवस तो कागद बाजूला ठेवत आणि मग मूळ निबंध न पाहता केवळ टिपणांवरून तो पुन्हा लिहून काढत. त्यानंतर मूळ लेखनाशी तुलना करून आपल्या उणिवा शोधत. या तुलनेत आपला शब्दसंग्रह तोकडा पडतो, हे त्यांना स्पष्ट दिसले. इंग्रजी ही त्यांची मातृभाषा होती, तरीही पद्धत आपल्यालाही तितकीच लागू पडते. आपल्या पातळीला झेपेल असा सात-आठ वाक्यांचा उतारा घ्यावा, त्याची टिपणे मराठीत करावीत आणि दोन-तीन दिवसांनी त्यावरून इंग्रजी उतारा परत उभा करावा. मूळ उतारा शेजारी ठेवला, की कुठे ‘द’ राहिले, कुठे काळ बदलला आणि लेखकाने कोणता नेमका शब्द योजला होता, हे समोर येते. शिक्षक नसलेल्या शिकणाऱ्यासाठी मूळ उताराच तपासनीस ठरतो. मराठी टिपणांचा आग्रह एवढ्यासाठी, की मराठी वाक्यरचना आपल्याला जिथे ओढून नेते, नेमक्या त्याच जागा यातून उघड होतात.

पानगळ:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, म्हणून केवळ शब्दांविषयी लिहिते.

दोन रकान्यांची यादी पुन्हा पुन्हा वाचल्याने शब्द ओळखीचा होतो आणि त्या ओळखीलाच आपण आठवण समजतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. म्हणून यादीचा इंग्रजी रकाना झाकावा आणि मराठीकडून इंग्रजीकडे जावे. लिहिताना आपला प्रवास त्याच दिशेने होत असतो.

उजळणी केव्हा करावी, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून विस्मरणाचे मोजमाप केले आणि ते १८८५ साली प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यापैकी मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. यावरून उजळणीचे अंतर हळूहळू वाढवत नेण्याची पद्धत रूढ झाली. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेली कप्प्यांची पेटी याच तत्त्वावर चालते. प्रत्येक शब्दाचे एक कार्ड करायचे, एका बाजूला अर्थ आणि दुसऱ्या बाजूला शब्द: शब्द आठवला तर त्याचे कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि तो अधिक दिवसांनी समोर येतो, आठवला नाही तर ते पहिल्या कप्प्यात परत येते. अंकीसारखी अ‍ॅप हाच हिशेब आपोआप ठेवतात, पण कागदी कार्डांनीही काम उत्तम होते.

मात्र कार्डावर काय लिहायचे, यावर सगळे अवलंबून आहे. सुटा शब्द लिहू नये, त्याच्यासोबत नेहमी येणारे शब्दही लिहावेत. ‘डिसिजन’ लिहायचे असेल तर ‘मेक अ डिसिजन’ असे लिहावे, कारण मराठीत निर्णय ‘घेतला’ जातो आणि त्या सवयीने हात ‘टेक’कडे वळतो. ‘रेन’बरोबर ‘हेवी’ येते आणि ‘विंड’बरोबर ‘स्ट्राँग’. ही जोडी उलटी केली तर व्याकरण बिघडत नाही, पण वाक्य परके वाटते. ‘डिपेंड’बरोबर ‘ऑन’ आणि ‘मॅरीड’बरोबर ‘टू’ कार्डावरच असावे. ‘तिच्याशी लग्न’ या रचनेमुळे ‘मॅरीड विथ’ लिहिले जाते, ते केवळ प्रिपोझिशनचा नियम वाचून थांबत नाही. खरे तर प्रिपोझिशनचा बराचसा अभ्यास हा व्याकरणाचा नसून शब्दसंग्रहाचाच आहे, असे माझे ठाम मत आहे.

मोकळेवाचन:

माझे मत थोडे वेगळे आहे. कार्डे, टिपणे आणि मिश्र सराव यांत इतका वेळ जातो, की मूळ वाचन मागे पडते. पॉल नेशन यांच्या २००६ सालच्या अभ्यासानुसार, कोणाच्या मदतीशिवाय सर्वसाधारण इंग्रजी मजकूर वाचायचा आणि त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत अशी अपेक्षा असेल, तर ८,००० ते ९,००० शब्दकुले माहीत असावी लागतात. ऐकण्यासाठी हा आकडा ६,००० ते ७,००० आहे. एक मूळ शब्द आणि त्याची निरनिराळी रूपे मिळून एक शब्दकुल धरले जाते. एवढे शब्द कोणी कार्डांवर उतरवून संपवू शकेल, असे मला वाटत नाही. पहिल्या दोन हजारांपर्यंत कार्डे जरूर करावीत, कारण ते शब्द प्रत्येक पानावर भेटतात. त्यापुढे मात्र आपल्या पातळीच्या सोप्या पुस्तकांचे भरपूर वाचन हाच मार्ग आहे. एका ओळीत दोन-तीन अनोळखी शब्द येत असतील, तर ते पुस्तक आज आपल्यासाठी नाही, असे समजावे.

व्याकरणाचेही तसेच आहे. ‘शी वर्क्स’मधला शेवटचा ‘स’ हा नियम पहिल्या काही पाठांतच शिकवला जातो, पण बोलताना तो आपसूक येऊ लागणे ही फार उशिरा साधणारी गोष्ट आहे, आणि हे निरनिराळ्या मातृभाषांच्या शिकणाऱ्यांमध्ये आढळलेले आहे. नियम कळला म्हणून तो लगेच जिभेवर येईल, अशी अपेक्षा धरून स्वतःला कष्टी करू नये.

शब्दवेल:

मोकळेवाचन, वाचनाचे महत्त्व मला पूर्ण मान्य आहे. पण लेखन सुधारण्यासाठी केवळ वाचन पुरेसे ठरत नाही. कॅनडातील काही शाळांत इंग्रजी मातृभाषेच्या मुलांना इतर विषय फ्रेंचमधून शिकवले जात. वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून आणि वाचून त्यांचे आकलन उत्तम झाले, तरी त्यांच्या बोलण्या-लिहिण्यातील व्याकरण तेवढे अचूक झाले नाही. मेरिल स्वेन यांनी १९८५ साली यावरून असा विचार मांडला, की भाषा समजण्यासाठी संदर्भावरून निभावून नेता येते, पण वाक्य स्वतः तयार करताना प्रत्येक रूपाचा निर्णय घ्यावाच लागतो आणि आपल्याला काय येत नाही हे तेव्हाच लक्षात येते. स्वल्पविराम यांनी वर्णन केलेली स्थिती नेमकी हीच आहे.

स्वल्पविराम:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. उताऱ्याची पुनर्रचना मी आजपासूनच सुरू करते आहे. दोन शंका उरल्या आहेत. उपपदांचा सराव वेगळा करावा का? मराठीत त्यांना समांतर असे काही नसल्यामुळे ‘अ’ आणि ‘द’ हा निव्वळ अंदाजाचा खेळ होऊन बसतो. आणि पूर्णपणे स्वतःच्या मनाने लिहिलेल्या मजकुरासाठी तुलनेला मूळ उतारा नसतो, तेव्हा तपासणी कशी करावी?

पानगळ:

उपपदांचा सराव वेगळा जरूर करावा, पण नियमांची लांब यादी घेऊन नव्हे. कोणत्याही नामापाशी दोन प्रश्न विचारण्याची सवय लावावी. मी कोणत्या वस्तूविषयी बोलते आहे, हे वाचकाला या क्षणी ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर ‘द’. ठाऊक नसेल, तर दुसरा प्रश्न: हे नाम इथे मोजता येते का? मोजता येत असून एकवचनी असेल तर ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’; अनेकवचनी किंवा न मोजता येणारे असेल तर सहसा काहीच नको. विशेषनामांचे आणि ठरीव शब्दप्रयोगांचे अपवाद आहेतच, पण आपल्या लेखनातील बहुसंख्य जागा या दोन प्रश्नांवर सुटतात. एक छापील परिच्छेद घेऊन त्यातील सर्व उपपदे पांढऱ्या शाईने झाकावीत आणि दुसऱ्या दिवशी ती परत भरावीत. प्रत्येक जागी कारण मोठ्याने सांगावे. पहिल्या वाक्यात ‘अ लेटर’ आणि दुसऱ्या वाक्यात ‘द लेटर’ का झाले, हे असे दोन-चार परिच्छेद केल्यावर अंदाजाने नव्हे, तर कारणाने कळू लागते.

दुसऱ्या प्रश्नाचा फास मात्र मराठी भाषकाला हमखास बसतो. ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’ आणि ‘होमवर्क’ ही नामे इंग्रजीत मोजता येत नाहीत, म्हणून त्यांना ‘अ’ लागत नाही आणि त्यांचे अनेकवचनही होत नाही. हे अर्थावरून ओळखता येत नाही. शब्दकोशातच पाहावे लागते. त्यासाठी परभाषी शिकणाऱ्यांसाठी तयार केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश वापरावा. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या गरजा पाहून त्यांनी सहकाऱ्यांसह केलेला असा कोश १९४२ साली टोकियोमध्ये प्रसिद्ध झाला. कोणत्या क्रियापदापुढे कोणती रचना येते आणि कोणते नाम मोजता येते, ही माहिती अशा कोशांत प्रत्येक शब्दाजवळ दिलेली असते. मराठी अर्थ देणारा कोश ती सहसा देत नाही. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ का येत नाही, याचे उत्तर तिथल्या दोन उदाहरणवाक्यांत मिळते.

शब्दवेल:

तपासणीविषयी माझा आग्रह एवढाच आहे, की लिहिलेला मजकूर लगेच कोणाकडे किंवा कोणत्याही संगणकीय साधनाकडे दुरुस्तीसाठी देऊ नये. एक दिवस जाऊ द्यावा आणि मग तोच मजकूर तीनदा स्वतंत्रपणे वाचावा: एकदा फक्त क्रियापदे, एकदा फक्त नामे आणि त्यांची उपपदे, एकदा फक्त प्रिपोझिशन. सगळे एकाच वाचनात शोधायला गेलो, तर डोळा अर्थाबरोबर पुढे सरकतो आणि चूक मागे राहते.

त्यानंतर जाणकार व्यक्तीला किंवा साधनाला दाखवावे, पण तेव्हाही ‘दुरुस्त करून द्या’ असे न सांगता ‘चूक आहे त्या ओळीखाली केवळ रेघ मारा’ अशी विनंती करावी. दुरुस्त केलेला मजकूर आपण वाचतो, मान डोलावतो आणि पुढच्या परिच्छेदात तेच लिहितो. रेघ मात्र आपल्याला विचार करायला लावते. जी चूक स्वतः शोधून सुधारता आली, ती केवळ लक्ष न राहिल्याची असते. जी रेघ पाहूनही कळली नाही, तिथे नियम किंवा शब्द अजून शिकायचा आहे. या दोन्ही चुका वहीत वेगवेगळ्या पानांवर नोंदवा आणि सरावपुस्तकातला पुढचा पाठ कोणता घ्यायचा, हे त्या दुसऱ्या पानावरून ठरवा.