टेबलावरचा दिवा: उंचीआधी पंखा बघा

सहा जणांच्या जेवणाच्या टेबलावर दिवा किती उंच टांगावा, असं विचारलं तर बहुतेक जण टेबलापासून दिव्याच्या खालच्या कडेपर्यंत ३० ते ३६ इंच सांगतात. ते बरोबरच आहे. समोरच्याचा चेहरा दिसतो आणि उघडा बल्ब डोळ्यांत जात नाही. पण आपल्या फ्लॅटमध्ये खरी अडचण पंख्याची असते. दिवा पात्यांच्या वर राहिला तर ताटावर सावल्या फिरत राहतात. जवळ टांगला तर वाऱ्याने हलतो. आम्ही शेवटी तिथला पंखा काढून भिंतीवरचा लावला.

दुसरं, पीओपीच्या (स्लॅबखाली केलेल्या प्लास्टरच्या) छताला दिवा अडकवू देऊ नका, कृपया. आमच्याकडे वायरमनने स्क्रू थेट पीओपीत मारला होता. दिवाळीपर्यंत दिवा एका बाजूला कलला, खाली मुलं जेवत होती! आता वरच्या स्लॅबमध्ये फास्टनर ठोकून हूक घेतलाय. वायरचा पॉइंट टेबलाच्या मध्यावर नसेल तरी चालतं. लांब वायर हुकातून ओढून दिवा मध्यावर आणता येतो.

टेबल लांबट असेल तर एका मोठ्या झुंबरापेक्षा दोन-तीन लहान दिवे मला जास्त आवडतात, उजेड टोकापर्यंत पोचतो. बल्ब मात्र २७०० ते ३००० केल्विनचाच, म्हणजे पिवळसर उजेडाचा घ्या, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वर. पांढऱ्याफटक उजेडात वरणसुद्धा फिकट दिसतं.